कलिंगडाच्या वासाची पावडर आणि माझी भूक

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. रविवारची दुपार, आणि इंदिरानगरातल्या आमच्या हॉलमध्ये माझ्या भुकेवर बैठक बसली होती. हसू नका, खरंच बसली होती. सोफ्यावर मुलगा, त्याच्या शेजारी सून, आमचे हे त्यांच्या ठरलेल्या खुर्चीत, आणि समोर मी, चौकशीला बोलावल्यासारखी. मध्ये टीपॉयवर माझं दुपारचं ताट. भाकरी वाढली तशीच होती, भरताच्या कडा वाळून काळ्या पडल्या होत्या. ताट उचलून आत न ठेवता मुद्दाम तिथे आणलं होतं, पुरावा म्हणून.

"आई, तू काल रात्रीही जेवली नाहीस," मुलाने सुरुवात केली.

"भूक नव्हती."

"परवा?"

"परवाही नव्हती. तिची हजेरी मांडून ठेवू का आता?"

"थट्टा नको करूस. आरशात बघ एकदा. गळ्याची हाडं दिसायला लागलीत. माझं म्हणणं एकच, ते धावणं बंद."

सून हळूच म्हणाली, "निदान थंडी संपेपर्यंत तरी, आई."

ह्यांनी भाकरीकडे पाहून मान हलवली. कोणाच्या बाजूने हलवली ते देव जाणे.

"धावणं बंद होणार नाही," मी म्हटलं आणि ताट घेऊन उठले. आत गेल्यावर मात्र ओट्याला टेकून उभी राहिले, कारण पायात जोर नव्हता आणि ते मला त्या तिघांना दाखवायचं नव्हतं.

एवढं काय पेटायचं, असं तुम्हाला वाटेल. ताट ठेवून दिलं, मुलाने काळजीने चार शब्द सांगितले, ऐकून घ्यायचे. पण ती भूक मला किती उशिरा मिळाली होती ते सांगितल्याशिवाय माझा राग कळायचा नाही.

माझं माहेर निफाडकडचं. ऊस, द्राक्षं, घरात दूधदुभतं. शाळा झाली सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर आणि वाचनालयाच्या पुस्तकांवर. खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण बायका शेवटी जेवायच्या. त्यात कोणालाच काही वावगं वाटत नसे, आम्हालाही नाही. सकाळचं काम उरकता उरकता पोटात खड्डा पडला की घोटभर चहा. परत पडला की परत चहा. सगळ्यांची जेवणं होऊन आम्ही बसायचो तोवर भूक मरून गेलेली असायची. मग काय, कढईत जे उरलं असेल ते संपवायचं. सासरी आले, तिथे तेच. आम्ही नाशकात आलो, घरात जेवणाचं टेबल आलं, खुर्च्या आल्या, तरी माझं तेच. आता कोणी थांबवत नव्हतं, मीच थांबायचे. उभ्या जन्मात मी भूक लागली म्हणून किती वेळा जेवले असेन, आठवत नाही. उरलं होतं म्हणून जेवले, ते मात्र पुष्कळदा.

साठी उलटली आणि गुडघे कुरकुरायला लागले. आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गोळ्या नंतर, आधी चाला. म्हणून जॉगिंग ट्रॅकवर जायला लागले. तिथे आपा भेटली. आपा जुन्या नाशकातली, शिवणाचे क्लास घेऊन मुलं मोठी केलेली, आता लेकीकडे आमच्याच मागच्या गल्लीत राहायला आलेली. माझ्याच वयाची. ओढणी कमरेला गाठ मारून चालायची आणि चालताना अखंड बोलायची. मीही बोलायला कमी नाही, त्यामुळे ट्रॅकवरच्या शांतताप्रिय लोकांनी आमच्यामुळे वेळ बदलली असं ऐकलंय.

एक दिवस तीच म्हणाली, "चल, त्या गुलमोहरापर्यंत पळून बघू."

"वेडी की काय? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, कुत्रं मागं लागलं असेल. चल."

पळालो. गुलमोहराशी पोचलो तेव्हा हसून हसून दोघींना उभं राहवेना. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढचं झाड. पुढच्या आठवड्यात त्याच्याही पुढचं. हळूहळू ट्रॅक पुरेनासा झाला, तेव्हा रविवारी पाथर्डी फाट्यावरून पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत आणि तिथून परत असा आमचा पल्ला सुरू झाला. थोडं धावायचं, थोडं चालायचं, पण थांबायचं नाही.

असा पहिला लांबचा पल्ला मारून घरी आले त्या दिवशीची गोष्ट. आल्या आल्या काही खावंसं वाटलं नाही. अंघोळ केली, कणीक काढली, मग वाटलं आज भाकरीच करू. पहिली भाकरी तव्यावर फुगली आणि बाजरीचा तो वास नाकात शिरला. अशी भूक! पोटातून नाही, पायाच्या बोटांतून वर आल्यासारखी. मी ती भाकरी तव्यावरूनच हातावर घेतली, वर ठेचा, ठेच्यावर तेल, आणि ओट्याशी उभी राहून खाल्ली. बोटं भाजली. डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्याने की आणखी कशाने, सांगता येत नाही.

तेवढ्यात हे दारात.

"अगं, नैवेद्य व्हायचाय अजून."

"झाला. देवीने उभ्याउभ्याच घेतला."

ते बघतच राहिले. मग म्हणाले, "आणि मला?"

"दुसरी तुमची."

तेव्हापासून रविवारची पहिली भाकरी माझी. मी परवानगी मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही. शरीर हाक मारतं आणि आपण लगेच ओ देतो, यात किती सुख असतं ते मला नातवंडं खेळवायच्या वयात कळलं. आणि ज्यांना वाटतं की म्हातारपणी माणसाने भुकेवर ताबा मिळवावा, त्यांनी तो खुशाल मिळवावा. मी तो आयुष्यभर मिळवून बसले होते. मला तो सोडायचा होता.

आणि नेमकी हीच भूक एका डब्याने नेली.

झालं असं, की शहरात थंडीत एकवीस किलोमीटरची शर्यत असते. आपाच्या आणि माझ्या मनाने घेतलं, एकदा ती करायचीच. म्हणून आम्ही एका धावण्याच्या गटात गेलो. गटाला एक सर होते, माझ्या मुलाहून लहान, मनाने चांगले, शिट्टी गळ्यात नसेल तर ओळखू न येणारे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात डबा ठेवला. काळा डबा, वर वीज कोसळल्याचं चित्र.

"काकू, या वयात एवढं धावलं की स्नायू झिजतात. अमिनो ॲसिड म्हणजे त्याच्या विटा. धावायच्या आधी एक माप, मधे एक, नंतर एक. आणि इतर दिवशी संध्याकाळीही घेतलंत तर उत्तम."

मी चष्मा लावून डबा वाचून काढला. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलीन. कॉन्व्हेंटात शिकलेल्या तिघी बहिणी वाटल्या मला. मग आणखी वाचलं, तेव्हा समजलं की आपण डाळ खातो, दूध पितो, त्यातल्या प्रथिनांचे पोटात असेच तुकडे होतात.

"म्हणजे या तिघी आमच्या तुरीच्या डाळीतही आहेत की, सर."

"आहेत काकू, पण डाळ पचायला वेळ लागतो. हे थेट जातं."

थेट जातं म्हटल्यावर मी काय बोलणार! पावडर पाण्यात टाकली की पाणी गुलाबी व्हायचं आणि कलिंगडाचा वास सुटायचा. असला वास मारणारं कलिंगड मी जन्मात कापलेलं नाही. पण घेत होते. रोज, न चुकता, औषधासारखं. खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस दुसऱ्या दिवशी पाय कमी दुखायचे असंही वाटलं. डब्यामुळे की सवयीमुळे, ते त्या पायांनाच माहीत.

मग एका रविवारी संकष्टी आली. लांब धावायचा दिवस आणि संकष्टीचा उपास एकत्र. गटातल्या आम्हा बायकांची ट्रॅकवर सभा भरली. पावडर उपासाला चालते का?

"यात धान्य नाही," एकीने निकाल दिला. "चालतं."

"पण डब्यावर सोडियम लिहिलंय. म्हणजे मीठच की."

"सैंधव समजायचं."

"आणि तो गुलाबी रंग?"

"बीट असेल. बीट चालतं का गं?"

"आमच्यात चालतं. तुमच्यात नसेल तर डोळे मिटून प्या."

अशा रीतीने कलिंगडाच्या वासाची पावडर उपासाच्या पदार्थांत जाऊन बसली, साबुदाणा आणि वरीच्या शेजारी. साबुदाण्यापेक्षा सोपी, तळायला नको, दाण्याचं कूट नको. आम्ही तिच्यावरच धावलो, दुपारीही तीच प्यायलो. मला दिवसभर काही जाणवलं नाही. ना पोटात ओढ, ना डोकं दुखणं. संकष्टीला चंद्राची वाट बघताना एरवी मी दहादा गच्चीत जाऊन येते, सुनेला विचारते, पेपरातली वेळ बरोबर आहे ना गं. त्या दिवशी चंद्र उगवला, आरती झाली, पान वाढलं. वाफाळता वरणभात, वर तूप, उकडीचे मोदक. आणि माझा हात पुढे होईना. पोट अगदी गप्प. भरलेलं नाही, रिकामंही नाही, गप्प.

"केवढा हा संयम!" ह्यांची बहीण आली होती, ती म्हणाली. "दिवसभर उपाशी, वर धावून आलेली, आणि बघा, ताटाकडे बघतसुद्धा नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संयम कसला? भूकच नाही तर उपास कशाचा? मी देवासमोर दिवसभराची भूक आणून ठेवते, तेवढंच माझं देणं. आज मी रिकाम्या हाताने बसले होते आणि लोक माझं कौतुक करत होते. एक मोदक पाण्याबरोबर गिळला आणि उठले.

त्यानंतर कौतुकाचा पूरच आला. ब्लाउज सैल व्हायला लागले, तर सोसायटीतल्या बायका विचारायला यायच्या, काय करता? सर गटासमोर म्हणायचे, "काकूंकडे बघा, काकूंची भूक किती ताब्यात आहे!" वजन कमी झालेल्या बाईला आपल्याकडे कोणी विचारत नाही की बाई, तू जेवलीस का? तिला विचारतात, कसं जमवलंस? रविवारच्या भाकरीला तीच बाजरी, तोच तवा, पण पहिली भाकरी मी ह्यांच्या ताटात टाकायला लागले. त्यांनी एकदा विचारलं, "तुझी?" मी म्हटलं, नंतर. ते नंतर काही आलं नाही. असं होत होत दिवाळी गेली, फराळाचे डबे माझ्याकडून उघडले गेले नाहीत, आणि ती बैठक बसली.

बैठकीच्या पुढच्या रविवारी मी कोणाला न जुमानता आपाबरोबर बाहेर पडले. पांडवलेणीच्या पायथ्याशी पोचलो, सवयीने पायऱ्या चढायला लागलो, आणि निम्म्यात माझे पाय संपले. दुखत नव्हते, नुसते नव्हतेच. मी पायरीवर बसले. शेजारून कॉलेजच्या पोरी मोबाइलवर गाणी लावून टणाटण वर जात होत्या.

आपा समोर येऊन उभी राहिली. "काय खाल्लंस सकाळपासून?"

"पावडर."

"आणि काल?"

मी बुटाची नाडी सोडून परत बांधली.

"बघ, रोजे मीपण करते. दिवसभर थुंकीसुद्धा गिळत नाही. पण संध्याकाळी खजूर हातात घेतला ना, की भूक अशी दारात उभी असते, चप्पल घालून. तुझी तर घर सोडून गेलीये. कुठं गेली, विचारलंस का तिला?"

"धावण्याने गेली म्हणतात घरी."

"धावण्याने?" ती हसली. "आपण गेल्या वर्षी धावायचो तेव्हा तू माझ्या डब्यातले शामी कबाब बघून, हे कशाचे असं विचारण्याआधी वांग्याचे समजून दोन उचलले होतेस. मी हात धरला म्हणून वाचलीस. ती भूक धावण्याचीच होती ना?"

खरं होतं. धावणं तेव्हाही होतं. नवीन आला होता तो फक्त डबा. हे माझ्या डोक्यात इतके दिवस का आलं नाही? कारण डब्यावर इंग्रजीत लिहिलं होतं आणि मी त्याला शिकलेला समजत होते.

घरी येऊन मी जाहीर केलं, पावडर बंद, धावणं चालू.

मुलगा म्हणाला, "उलट! पावडर चालू ठेव, धावणं बंद कर. तू काहीच खात नाहीस, निदान त्यातून प्रथिनं तरी जातायत पोटात. आणि आपा मावशीही तीच पावडर घेते ना? ती तर जेवते."

हे मात्र बिनतोड होतं. आपा पावडर घ्यायची आणि वर बिर्याणीही हाणायची. पण म्हणून हार मानायची असं थोडंच आहे?

"चल डॉक्टरकडे," मी म्हटलं. "तुझ्यासमोर विचारते."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, वजन केलं, नखं बघितली. मग मुलाला नाही, मला समजावून सांगितलं, हे मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, लांब पल्ल्याचा व्यायाम झाला की भूक काही वेळ दबते, ते बहुतेकांचं होतं, आणि मग ती मागाहून येते. अमिनो ॲसिड म्हणजे शेवटी प्रथिनांचाच भाग, आणि प्रथिनांनी काही जणांना पोट भरल्यासारखं वाटतं. काहींना वाटतं, काहींना मुळीच नाही.

"तुमच्या मैत्रिणीचं पोट तिचं, तुमचं तुमचं. तुमची भूक उशिरा यायची वेळ झाली की तुम्ही वर तो पेला ओतता. संध्याकाळी पुन्हा ओतता. ती येणार कधी? पावडर काही विष नाही. पण पेला म्हणजे जेवण नव्हे. एवढं धावायचं आणि जेवायचं नाही, तर ज्या स्नायूंसाठी पावडर घेता तेच आधी जातील."

"आणि भूक तिच्यामुळेच गेली, हे नक्की?" मुलाने विचारलं.

"नक्की कोण सांगणार? बंद करून बघा."

"मग धावू का?" मी विचारलं.

"जेवणार असाल तर धावा."

मी मुलाकडे पाहिलं. तो भिंतीवरचं पोटाचं चित्र बघत होता.

सरांना सांगितलं तर ते खरंच कळवळले. "काकू, शर्यत तोंडावर आलीय. आत्ता अमिनो सोडलंत तर पंधरा-सोळा किलोमीटरनंतर पाय बंद पडतील. रिस्क तुमची."

"माझीच आहे, सर. पाय बंद पडले तर बसेन. बसता येतं मला."

पण खरं सांगू का, आतून मी घाबरले होते. डबा बंद केला, आणि भूक काही लगेच आली नाही. मी ठरल्या वेळी पानावर बसायचे, दोन घास, चार घास, डॉक्टरीणबाईंना शब्द दिला होता म्हणून खायचे. सून काही न बोलता ताटात थोडंथोडंच वाढायची, मला टाकायची लाज वाटू नये म्हणून. पण ओढ म्हणून नव्हती. वाटायचं, गेली ती गेली. या वयात गेलेला दात असो की केस, परत येत नाही. मग भूक तरी का यावी? आणि मुलाचं म्हणणं खरं ठरलं, धावण्यानेच गेली असली, तर मला दोहोंतून एक निवडावं लागणार होतं. रात्री नाही, भर दुपारी, भाजी निवडताना हे मनात यायचं आणि मेथीची पानं टाकून मी काड्याच ठेवायचे.

मग तो मखमलाबादकडचा रविवार. आपाने जावयाची गाडी मागून आणली होती, एका कडेला लावली आणि आम्ही द्राक्षबागांमधल्या रस्त्याने धावायला लागलो. बरंच धावलो. परत येताना उन्हं चांगली वर आली होती. बागेत विरळणीचं काम चालू होतं, म्हणजे द्राक्षाचा घड दाटीने भरू नये म्हणून त्यातले मणी काढायचे. ते काम करणाऱ्या बायका पेठकडच्या होत्या, हंगामाला येतात तशा आलेल्या. बांधावर बसून न्याहारी करत होत्या. नागलीची काळपट भाकरी, त्यावर लाल मिरचीचा ठेचा, बस. वाऱ्याने तो वास आमच्यापर्यंत आला.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

मी थांबलेच. आपा पुढे गेली होती, ती मागे वळली. "काय झालं? पाय?"

"गप. थांब." मला भीती वाटत होती की बोलले तर जाईल. पण गेली नाही. पोटाने एवढा मोठा आवाज केला की आपाने ऐकला आणि डोळे विस्फारले.

मी सरळ बांधावर गेले. त्यांतली एक माझ्याएवढीच असेल, तिला म्हटलं, "बाई, एक तुकडा द्याल का भाकरीचा?"

मागून आपा पुटपुटली, "या अल्ला, भीक मागायला लागली."

त्या बाईने मला बुटांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "घे ना. लाजतीस कशाला? कुठून पळत आलीस?"

"उगाच. धावायला."

"उगाच? कोन मागं लागलं व्हतं?"

"कोणी नाही. धावलं की भूक लागते."

तशा सगळ्या हसायला लागल्या. ती म्हणाली, "आमाला तं बसल्या जागी लागती, बाय. तुला पायजे व्हती तं आमच्याकडून न्यायची, लय हाय."

तिची भूक आणि माझी भूक एक नव्हे, एवढं समजायला वाचनालय लागत नाही. मी तिच्या शेजारी मातीत बसले आणि अर्धी भाकरी खाल्ली. मग आमच्या पिशवीतली केळ्यांची फणी तिच्यापुढे ठेवली, ती तिने हिशेब न करता ठेवून घेतली, जसा मी तुकडा घेतला होता तशी.

घरी आल्यावर परत जेवले. ह्यांनी बायको ओळखू येत नसल्यासारखं पाहिलं आणि स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी माझ्या ताटात सरकवली. त्या माणसाने लग्नानंतर मला दिलेली सगळ्यात चांगली भेट ती.

शर्यतीच्या दिवशी माझ्या खिशात खजूर होते, चिक्कीचे तुकडे होते आणि बाटलीत लिंबू, मीठ, साखर. गटातल्या सगळ्यांच्या बाटल्या गुलाबी, माझी एकटीची गढूळ. कोणी हसलं, कोणी विचारलं. मी म्हटलं, "माझ्या पोटाला हेच आवडतं, तुमच्या पोटाला तुमचं विचारा." सोळाव्याला पाय जड झाले, सरांनी सांगितलं होतं तसेच. मी चालले. सतराव्याला पुन्हा धावले. आपा माझ्या पुढे होती, ओढणीची गाठ लांबून दिसत होती, ती धरून गेले. शेवटच्या रेषेवर पोचले तेव्हा मांडवाचे बांबू सोडायला सुरुवात झाली होती. माझ्या मागेही थोडे लोक होते, हे नोंदवून ठेवा.

मुलगा, सून आणि हे उभे होते. मुलाच्या हातात उपम्याची प्लेट, मैदानावर देत होते ती.

"आई, खा."

"आत्ता नको."

त्याचा चेहरा पडला. "परत तेच?"

"तेच नाही. धावून आलं की ती जरा मागे राहते. माझ्याहून हळू धावते."

"म्हणजे येईल ना?"

"येईल. पण तू असा प्लेट धरून डोळ्यांत बघत बसलास तर लाजेल."

तेवढ्यात सर आले, घामाघूम, खरोखर आनंदलेले. माझ्या पाया पडले आणि लगेच गुलाबी पेला पुढे केला. "काकू, आता तरी घ्या. पल्ला संपला."

"सर, तुमच्यामुळे पळायची शिस्त शिकले, ते विसरणार नाही," मी म्हटलं. "पण हे नको. आता माझ्याकडे कोणीतरी यायचंय, तिच्यासाठी जागा ठेवलीय."

त्यांना काही कळलं नाही. आपाने पेला घेतला, गटागट प्यायली आणि वर माझ्या वाट्याचं केळंही खाल्लं.

गाडीत बसलो. सून मागे माझ्या शेजारी, उपम्याची प्लेट वर्तमानपत्राने झाकून मांडीवर धरलेली. मुलगा आरशातून सारखा माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघत होते. मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली, पुढे रिक्षा, बाजूला एसटीची बस, आणि ती आली. पायाच्या बोटांपासून.

मी सुनेच्या मांडीवरून प्लेट ओढून घेतली. उपमा गार झाला होता, तुपाचे गोळे झाले होते, चमचा कुठे पडला ते दिसेना. हाताने खाल्ला. रवा सीटवर सांडला, माझ्या मेडलवर सांडला. आरशात मुलाचे डोळे भरून आले होते आणि मागचे लोक हॉर्न वाजवत होते, कारण सिग्नल हिरवा होऊन गेला होता.

"अजून आहे का?" मी विचारलं.

"नाही, आई."

"मग गाडी हाक लवकर. आणि घरी पोचेपर्यंत माझ्याशी कोणी बोलू नका."